शांतता नको, वाचायचं आहे

२०२४ च्या डिसेंबरात एका दुपारी १२ ते १ पुणं गप्प बसलं आणि वाचत राहिलं. ‘शांतता... पुणेकर वाचत आहेत’ हे त्या उपक्रमाचं नाव. कॉलेजांत, कचेऱ्यांत, दुकानांच्या गल्ल्यांवर ज्याच्या हाती जे लागलं ते त्यानं उघडलं, वाचतानाचा फोटो काढून घेतला आणि एक वाजता जो तो कामाला लागला. पुणे पुस्तक महोत्सवाची ती नांदी होती. फर्ग्युसनच्या मैदानावर गर्दी व्हावी, पुस्तकं खपावीत, असा सरळ हेतू त्यामागे होता. ती खपलीही. मराठी प्रकाशकाला वर्षाकाठी आठ-दहा दिवस बरे दिसत असतील तर त्यावर नाक मुरडण्याचं कारण नाही. पण त्या तासाभरात शहरानं मिळून काय वाचलं? काहीच नाही. कुणाच्या हातात कादंबरी, कुणाच्या हातात शेअर बाजाराचं मार्गदर्शक, कुणाकडे स्पर्धा परीक्षेच्या चालू घडामोडी. घड्याळ तेवढं सर्वांचं एक होतं.

त्याच्या आदल्या वर्षी, १४ डिसेंबर २०२३ रोजी, स. प. महाविद्यालयाच्या मैदानावर ३,०६६ पालकांनी आपापल्या मुलांना एकाच वेळी गोष्ट वाचून दाखवली आणि चीनच्या नावावरचा गिनेस विक्रम मोडला. विक्रमांच्या हौसेबद्दल काय बोलावं! तरीही दोन्हींत निवड करायची झाली तर हा जमाव बरा म्हणायचा. तिथे गोष्ट एक होती, ती मोठ्यानं वाचली जात होती आणि ऐकणारं कुणीतरी समोर बसलेलं होतं. सामूहिक वाचनाला लागतं ते सगळं त्या मैदानावर हजर होतं. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत मात्र चीन होता, आकडा होता, प्रमाणपत्र होतं. गोष्टीत काय घडतं आणि ऐकल्यावर पोरांनी काय विचारलं, हे शोधूनही सापडत नव्हतं.

सगळ्या शहरानं मिळून वाचण्याची आजची कल्पना सिएटलची. १९९८ साली तिथल्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी अख्ख्या शहरापुढे रसेल बँक्स यांची ‘द स्वीट हियरआफ्टर’ ही एकच कादंबरी ठेवली. एका लहान गावात शाळेच्या बसला अपघात होतो, मुलं जातात आणि मग नुकसानभरपाईच्या दाव्यांवरून ते गाव आतून फाटत जातं, अशी ही कथा. उत्सवाला साजेसं पुस्तक हे नव्हेच. बोलायला लावणारं आहे. २००१ मध्ये शिकागोनं हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ घेतली. २००२ मध्ये न्यूयॉर्कनं हेच करू पाहिलं आणि पुस्तक कोणतं यावरच निवड समितीत जुंपली. दोन पुस्तकांवरून दोन तट पडले आणि बेत फिसकटला. त्या फजितीवर पुष्कळ हसून झालं. पण पुस्तक कुणाचं, कुणाबद्दलचं आणि ते आपण सर्वांनी का वाचायचं यावर शहर भांडतं, तेव्हा ते पुस्तकाला काहीतरी किंमत देत असतं. पुण्याच्या तासात भांडणाला जागाच ठेवलेली नाही. प्रत्येकानं आपापलं पुस्तक घरून आणायचं म्हटल्यावर निवडण्याची जोखीम कुणावर येते?

बाकीचा नकाशा लवकर आटपतो. बंगळुरूच्या कब्बन पार्कातून देशभर पसरलेली उद्यानातली मूक वाचनं सुखद आहेत आणि चटईपुरती आहेत. कॅफेतल्या बुक क्लबांत पुस्तकाहून कॉफीचीच आठवण जास्त टिकते. स्टोरीटेलनं मराठीला पुन्हा कानाची सवय लावली, हे मोठं काम. ऐकणारा मात्र कानात बोंडं घालून एकटाच. २०१५ पासून १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो आणि १६ ऑक्टोबरला संपतो. शाळांतला महावाचन उत्सव अहवालात उत्तम दिसतो. महाबळेश्वर-पाचगणी रस्त्यावरच्या भिलारला ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचं गाव म्हणून मान मिळाला; घराघरांत पुस्तकं ठेवली गेली, पाहुणे आले, स्ट्रॉबेरी घेऊन गेले. भिलारकर स्वतः काय वाचतात, हे विचारायला कुणी थांबलं नाही.

आता जरा पुण्याच्या बाहेर पडावं. हडपसर, लोणी काळभोर, यवत, वरवंड मागे टाकत सोलापूर रस्त्यानं गेलं की पाटस लागतं. एका अंगाला भीमा साखर कारखाना, एका अंगाला रेल्वे स्टेशन, महामार्गावर टोलनाका. तुकोबांची पालखी वरवंडचा मुक्काम आटोपून पाटसवरून रोटी घाट चढते आणि उंडवडीला उतरते. वाचनाच्या नकाशावर या गावाचं नाव कुणी घालणार नाही. पण एक गाव, एक पुस्तक ही गोष्ट इथे, आणि या पट्ट्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात, सिएटलच्या कितीतरी आधीपासून चालत आलेली आहे.

सप्ताहाची पत्रिका वाचून पाहावी. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरी पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. व्यासपीठ चालकाचं नाव छापलेलं असतं. पारायणाला बसणाऱ्यांच्या रांगा लागतात, त्यांत बायकांच्या रांगा बहुधा लांब. अठरा अध्याय, सुमारे नऊ हजार ओव्या, सात दिवस, सगळ्यांच्या हाती एकच ग्रंथ. ज्याला अक्षर नीट लागत नाही तो शेजाऱ्याच्या सुरात सूर मिसळतो. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करून दिला, म्हणूनच इतक्या तोंडांतून एकच ओवी निघू शकते. श्रावणात पोथी लावतात ती रीत याहून मोकळी. पांडवप्रताप किंवा हरिविजय. एक जण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, तिसरा मध्येच अडवतो की देवानं असं कसं केलं. या तिसऱ्या माणसासाठी सामूहिक वाचन करायचं असतं.

याच गावात रस्त्याच्या पलीकडे, विहारात, आणखी एक वाचन चालू असतं. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ क्रमानं वाचला जातो. बाबासाहेबांच्या पश्चात १९५७ मध्ये निघालेला हा ग्रंथ तीन महिने रोज थोडा थोडा, वस्तीनं मिळून ऐकायचा. महाराष्ट्रातल्या समकालीन वाचनावर परिसंवाद होतात, त्यांत या तीन महिन्यांचा उल्लेख जवळजवळ नसतोच. एवढा सलग, एवढ्या शिस्तीचा आणि कुणाच्याही अनुदानाशिवाय चालणारा दुसरा वाचन-उपक्रम दाखवून द्यावा.

यावर शिकलेल्या माणसाचा आक्षेप ठरलेला: हे वाचन नव्हे, ही भक्ती. पारायणात पुण्यासाठी वाचतात, शंका कुणी काढत नाही. आक्षेपात तथ्य आहे. पण एका तासात प्रमाणपत्रासाठी वाचणाऱ्यानं पुण्यासाठी वाचणाऱ्याला हसू नये. खरी उणीव वेगळीच आहे आणि ती जास्त बोचते. गावात सर्वांनी मिळून वाचायची पुस्तकं दोन आहेत, वाचनाच्या जागा दोन आहेत, आणि इकडचा माणूस तिकडच्या वाचनाला जाऊन बसत नाही. गावानं मिळून वाचायचं कसं, हे दोन्हीकडे पक्कं ठाऊक आहे. दोघांनी एकत्र बसून वाचावं असं तिसरं पुस्तक तेवढं नाही.

मराठीत असा प्रयत्न झालाच नाही असं नाही. सत्तरच्या दशकात दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी उभी केलेली ‘ग्रंथाली’ स्वतःला वाचक चळवळ म्हणवत असे, आणि काही वर्षं ते नाव सार्थही होतं. १९७८ मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ आणि १९८० मध्ये लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ तिथून निघालं. ज्या घरांत असं पुस्तक कधी शिरलं नसतं तिथे ते शिरलं, सभा झाल्या, लोक दुखावले, काहींना लाज वाटली. नंतर त्या दुखावण्याची जागा सवलतीच्या दरानं घेतली. आज ग्रंथप्रदर्शनात वाद होतो तो फक्त किती टक्के सूट यावरून.

तिसरं पुस्तक कोणतं, याचं उत्तर दौंड-शिरूरपुरतं तरी जवळच आहे. जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’. १८८३ चं पुस्तक, पाच प्रकरणांचं. जोतीरावांनी ते कपाटासाठी लिहिलं नव्हतं. पुरतं छापून निघण्याआधी त्याचे भाग पुण्या-मुंबईत, जुन्नर-ओतूरकडे आणि याच सोलापूर रस्त्यावरच्या हडपसरला लोकांसमोर वाचले गेले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही ते ऐकून घेतलं. (तेच सयाजीराव, ज्यांनी पुढे पुस्तकांच्या पेट्या भरून बडोदा संस्थानातल्या गावोगाव पाठवल्या. त्या ऐकण्याचा या पेट्यांशी संबंध होता की नाही, कोण जाणे.) लेखकानं गावोगाव वाचून दाखवलेलं पुस्तक आज अभ्यासक्रमात वीस गुणांच्या प्रश्नापुरतं उरावं, ही आपल्या वाचनाची खरी स्थिती.

आणि पुस्तकातला विषय इथल्याच मातीतला. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावात सावकाराशी बिनसलं आणि गावानं त्याच्यावर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात, पाटसपासून फार दूर नसलेल्या सुप्याच्या बाजारात उठाव झाला. लोकांनी सावकारांच्या घरांतून कर्जखतं, रोखे, वह्या बाहेर काढून जाळल्या. त्यांतल्या बहुतेकांना त्या कागदांवरचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. कागद काय करू शकतो हे मात्र त्यांना पुरतं कळलेलं होतं. सरकारनं चौकशीला आयोग नेमला, १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा केला, आणि आणखी चार वर्षांनी जोतीरावांनी असूड उचलला. अक्षर न येणं माणसाला कसं लुबाडतं हेच ज्या पुस्तकाचं गाऱ्हाणं, ते सुपे-पाटसच्या माणसाला आज मोठ्यानं वाचून दाखवण्याइतकं औचित्य दुसऱ्या कोणत्या पुस्तकाला?

भांडण होईल, होऊ द्यावं. जोतीरावांचे शब्द बोचरे आहेत. भटशाहीवर आहेत, गोऱ्या अधिकाऱ्यांवर आहेत, आणि लग्नकार्यात कर्ज काढून उधळणाऱ्या शेतकऱ्यालाही ते सोडत नाहीत. पहिल्या रात्री कुणी उठून जाईल. दुसऱ्या रात्री तो मंडपाच्या कडेला उभा राहून ऐकेल. ऊस तोडून गेल्यावर कारखाना पैसे कधी देणार, हा प्रश्न मनात ठेवून बसलेल्या गावाला १८८३ चा मजकूर जुना वाटेल असं समजणं हे शहरी अज्ञान आहे.

राहता राहिला खर्च. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली हजारो सार्वजनिक ग्रंथालयं आहेत आणि त्यांतली ‘ड’ वर्गातली असंख्य ग्रंथालयं कशीबशी तग धरून आहेत. २०१२ च्या पडताळणीनंतर नव्यांची मान्यता आणि जुन्यांची दर्जावाढ वर्षानुवर्षं रखडली. तिथल्या ग्रंथपालाच्या हाती महिनाअखेरीस काय पडतं, ते विक्रमाच्या फलकाखाली उभं राहणाऱ्यांनी एकदा विचारून घ्यावं. या ग्रंथालयांनी शासनमान्य यादीतल्या चाळीस निरनिराळ्या पुस्तकांची एकेक प्रत घ्यायची, हाच शिरस्ता. चाळीस जणांनी मिळून वाचावं म्हणून एकाच पुस्तकाच्या चाळीस प्रती घेणाऱ्या ग्रंथपालाला लेखापरीक्षक फैलावर घेईल. हा शिरस्ता मोडायला महोत्सव लागत नाही, एक शासन निर्णय पुरतो. फुल्यांचं समग्र वाङ्मय शासनानं स्वतःच छापलेलं आहे. त्यातला ‘असूड’ मोठ्या टाइपात सुटा काढून प्रत्येक ग्रंथालयाला चाळीस प्रती द्यायला कुणाची परवानगी हवी?

तेव्हा येत्या १२ मे रोजी पहिलं प्रकरण सुप्याच्या बाजारात वाचावं, दुसरं करड्यात, तिसरं यवतला, चौथं दौंडात आणि पाचवं पाटसला. मे महिन्यात सांजेला माणसं मोकळी असतात. वाचणारा सप्ताहातून घ्यावा, अर्थ सांगणारा विहारातून, आणि अडवणारा कुठूनही येईल. दुसऱ्या वर्षीचं पुस्तक या गावांनी आपापसांत भांडून ठरवावं.