सामाजिक काल व आमच्या मित्या

पिटिरिम सोरोकिन व रॉबर्ट मर्टन यांचा सामाजिक कालावरील निबंध १९३७ सालीं अमेरिकेंतील एका समाजशास्त्रविषयक नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांच्या पाहण्यांत तो आला असेल. ग्रहगणिताचा काल एकजिनसी व सारख्या मापाचा. लोकव्यवहाराचा काल मात्र बाजार, सण, पीकपाणी यांच्या खुणांनीं मोजिलेला आणि म्हणून गुणयुक्त, असा त्याचा आशय आहे. निरनिराळ्या समाजांत आठवड्याचे दिवस कमीअधिक कां, याचें कारण या लेखकद्वयानें आकाशांत न शोधतां बाजाराच्या फेऱ्यांत शोधलें, हें खरोखर मार्मिक होय.

तथापि ही विभागणी आम्हांस जशीच्या तशी मान्य करवत नाहीं. आमची तिथिच पाहा. चंद्र सूर्याच्या पुढें बारा अंश गेला कीं एक तिथि झाली. ही शुद्ध गणिताची गोष्ट. पण दोघांच्याहि गति विषम असल्यामुळें एखादी तिथि सुमारें २० तासांत संपते, तर एखादी २६ तासांहूनहि लांबते. शिवाय एकादशीस उपवास, अमावास्येस मंगलकार्य वर्ज्य. म्हणजे गुणहि आलाच. मग हा काल आकाशाचा कीं समाजाचा?

सुहूर सन तर याहून बोलका आहे. अंकांचीं नांवें अरबी, महिने हिजरी व चांद्र, वर्षारंभ मात्र सूर्य मृगनक्षत्रीं येतांच. कारण वसुलाचा संबंध पेरणीशीं. त्यामुळें चालू महिन्याच्या मध्येंच सन पालटतो आणि नवखा संशोधक हटकून एका वर्षानें चुकतो! ‘सीत सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७६, इ. स. १७७५-७६. येथें वरील निबंधाचें म्हणणें खरेंहि ठरतें व अपुरेंहि पडतें. वर्ष शेतीनें ठरविलें, पण त्याची खूण सूर्याचीच राहिली.

आतां थोडें घरचें. आपली संग्राहक मंडळी इंग्रजी तारीख काढतात आणि मूळ मितीची ओळ यादींतून गाळतात. लिहिणारानें शक व तिथि घातली, कीं ‘छ’ घालून रजबचा चंद्र दिला, हें मग कोणास कळावें? आम्हींहि तरुणपणीं एका दप्तराची यादी अशीच केली होती. त्यांतील बरेच कागद पुढें वाळवीनें खाल्ले. आमच्या वहींत त्यांच्या तारखा आहेत, मित्या नाहींत.