भरिताशेजारी लाल वाइन

पार्टी भरिताची होती, वाइन हा माझा आगाऊपणा होता. जानेवारीत जळगावकडे शेताशेतांत भरीत पार्ट्या चालतात. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे घालून कुटायची आणि कळण्याच्या पुऱ्यांसोबत हाणायची. त्या रात्री मुक्काम मित्राच्या मळ्यातच होता, म्हणून मी पुण्याहून फ्रातेल्लीची 'सेत्ते' नेली. कंपनी अकलूजची, सोलापूर जिल्ह्यातली. नाव इटालियन: फ्रातेल्ली म्हणजे भाऊ, सेत्ते म्हणजे सात. सांजोवेसे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या दोन द्राक्षांचं ब्लेंड, ओकच्या पिंपात मुरवलेलं.

"ब्लेंड म्हंजे भेसळच ना?" धुळ्याच्या मित्राचा पहिला प्रश्न. सिंगल माल्टवाल्या जाहिरातींनी आपल्या डोक्यात हे पक्कं बसवलंय. प्रत्यक्षात बोर्दोची बहुतेक लाल वाइन मिश्रणच असते. तोस्कानात 1970 च्या दशकात काहींनी सांजोवेसेत कॅबर्ने मिसळलं. नियमात न बसल्यामुळे त्या वाइन कागदोपत्री साध्या 'टेबल वाइन' ठरल्या आणि तरी महाग विकल्या गेल्या. सेत्ते त्याच घराण्यातली. सांजोवेसेचा आंबटपणा, कॅबर्नेचा भरीवपणा. एकाचं उणं दुसऱ्यानं भरायचं. भरितात शेंगदाणे मिरचीसाठी तेच करतात.

पहिला घोट मात्र फसला. बाटली बाहेर थंडीत राहिली होती, आणि लाल वाइन फार गार झाली की तिचा तुरटपणा टोकदार होतो. वर चहाचे ग्लास काठोकाठ भरलेले, वासाला जागाच नाही. धुळेकरानं तोंड वाकडं केलं: "हाई ते तुरट शे भो!"

मला तो शब्द आवडला. मी तोवर फोनमध्ये वाचलेलं 'टॅनिन' समजावत होतो. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून जीभ कोरडी पडते वगैरे. पण तुरट म्हणजे काय हे जळगावात कुणाला समजावायचं? कच्चं केळं चावलेल्याला सगळं ठाऊक असतं, आणि तिथंही कारण टॅनिनच. याउलट बाटल्यांच्या लेबलांवर ब्लॅकबेरी, लेदर, प्लम. आमच्या आठ जणांत ब्लॅकबेरी एकानंही खाल्लेली नव्हती. न खाल्लेल्या फळाची चव ओळखल्याचं नाटक मी दोनतीन वर्षं पुण्यातल्या पार्ट्यांत केलंय, हे इथे कबूल करतो.

मित्राचे वडील घेत नाहीत. मी म्हटलं, "काका, नुसता वास घेऊन सांगा." त्यांनी ग्लास नाकाशी धरला, थोडा वेळ गप्प राहिले. "लाकडाच्या जुन्या पेटीत जांभळं ठेवली होती का रे कोणी?" ओक आणि गडद फळ, दोन्ही त्यात आलं. आम्ही पिणारे त्यांच्याकडे बघतच राहिलो.

आता जोडीचं. बाटली जाळापासून हातभर अंतरावर ठेवली, अर्ध्या तासानं ग्लास तिसरा हिस्साच भरले. वाइन खुलली. भाजलेल्या वांग्याचा धूर आणि पिंपाचा वास एकमेकांना ओळखत होते. शेंगदाण्याच्या तेलकटपणानं तुरटपणा मवाळ झाला. बिघडवलं ते मिरचीनं. तिखटावर अल्कोहोल पडलं की जळजळ वाढते, तुरटपणा वर खरखरतो. लवंगी मिरचीच्या घासानंतरचा घोट म्हणजे शिक्षा होती. दोष वाइनचाही नाही, भरिताचाही नाही. म्हणून माझं मत असं: कमी तिखटाचं भरीत असेल तर हे ब्लेंड छान, झणझणीत शेवभाजीपुढे अजिबात नाही. तिथं ताकच.

काकूंनी दुसरं भरीत आणलं, मिरची निम्मी. "तुमच्या त्या औषधासाठी," म्हणाल्या. बाटलीत दोन बोटं उरली होती. धुळेकरानं ती गुपचूप स्वतःच्या ग्लासात ओतली.