यशोदेचे मातृत्व आणि जन्मनोंदीचा रकाना

नामपूरच्या ग्रामपंचायतीचे दप्तर असो वा मुंबई महापालिकेचे, जन्मनोंदीत मातेच्या नावासाठी रकाना एकच असतो. एकीचे बीज दुसरीच्या उदरात वाढविणाऱ्या सरोगसीमुळे त्या रकान्यावर दोन स्त्रिया हक्क सांगू शकतात. मराठीत या द्वंद्वाला नाट्यरूप देणारी एक उल्लेखनीय कृती म्हणजे समृद्धी पोरे यांचा 'मला आई व्हायचंय!' (२०११) हा चित्रपट होय. दिग्दर्शिका व्यवसायाने वकील आहेत, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

अमेरिकन मेरी मोबदला देऊन यशोदेच्या उदरी मूल वाढवू पाहते. मूल सव्यंग निपजेल अशी शंका येताच ती निघून जाते. जन्मलेला माधव यशोदेपाशीच वाढतो आणि काही वर्षांनी मेरी त्याला मागावयास परतते. पात्रांची नावे उघडच सहेतुक आहेत. तथापि पुराणातील यशोदेने कृष्णाला जन्म दिला नव्हता. जन्म देवकीचा, संगोपन यशोदेचे. चित्रपटातील यशोदेकडे प्रसव व संगोपन ही दोन्ही आली असून देवकीच्या वाट्याला केवळ बीज उरले आहे. गर्भारपणाचे नऊ महिने हा संगोपनाचाच आरंभ होय, हा या नामकरणामागील खरा युक्तिवाद आहे.

न्यायसंस्थेनेही एकदा याच बाजूने कौल दिला होता. आणंद येथे जन्मलेल्या, जर्मन पित्याच्या जुळ्यांच्या प्रकरणी गुजरात उच्च न्यायालयाने २००९ मध्ये जन्म देणारी स्त्री हीच नैसर्गिक माता मानली. २०२१ च्या सरोगसी (विनियमन) अधिनियमाने मात्र पारडे फिरविले. मूल इच्छुक दांपत्याचे वा इच्छुक स्त्रीचेच मानले जाते, आणि पालकत्वाविषयी दंडाधिकाऱ्याने आधीच दिलेला आदेश जन्मानंतर प्रतिज्ञापत्र म्हणून ग्राह्य धरला जातो. मोबदल्याची सरोगसी निषिद्ध आहे. मुलाचा त्याग करणे हाही अपराध आहे.

मेरीचे वर्तन आज दंडनीय ठरेल, आणि चित्रपटाची मर्यादा नेमकी येथेच दिसते. मेरीने पाठ फिरविताच प्रेक्षकाचा निर्णय होऊन जातो. 'मिमी' (२०२१) या हिंदी रूपांतरानेही हीच सोपी वाट धरली. मेरी निर्दोष असती आणि तरीही यशोदेला मूल सोडवत नसते, तर कायद्याची खरी कसोटी लागली असती. असे असले तरी, कायद्याने निकालात काढलेला उदराचा हक्क या कृतीने विचारार्थ जिवंत ठेवला, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे.