पहिल्या प्रतीचे मद्य

रस, रुची, गोडी, आस्वाद, चर्वणा ही आमच्या साहित्यशास्त्राची परिभाषा जिभेवरून आलेली आहे. रस म्हणजे काय हे सांगताना भरताने नाना व्यंजनांनी सिद्ध केलेले अन्न जेवणाऱ्या सुमनस पुरुषाचा दाखला घेतला, आणि मम्मटाने पानकरसाचा. असे असता खऱ्याखुऱ्या पेयाचे परीक्षण आमच्या मासिकांतून क्वचितच येते. तेव्हा प्रस्तुत लेखाचा विषय एक फ्रेंच लाल मद्य आहे हे पाहून वाचकांनी नाक मुरडू नये. मद्यपानाची भलामण करण्याचा आमचा हेतू नाही. ज्यांस ते वर्ज्य आहे त्यांनी ते खुशाल वर्ज्य ठेवावे. आमचा प्रश्न परीक्षणाचा आहे. एखादी वस्तू उत्तम हे ठरते कशावरून, आणि एकदा ठरल्यावर ते पुन्हा तपासावयाचे की नाही?

बोर्दो शहराला लागून पेसाक येथे शातो ओ-ब्रियों नावाचा सुमारे ५० हेक्टरांचा द्राक्षमळा आहे. येथील जमीन जाँ द पोंताक या गृहस्थास १५२५ साली पत्नीच्या हुंड्यात मिळाली. सतराव्या शतकात त्याच्या वंशजांनी एक नवी गोष्ट केली, ती म्हणजे आपल्या मळ्याचे मद्य मळ्याच्याच नावाने परदेशी विकले. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या कोठीच्या १६६०-६१ च्या वहीत या मद्याच्या १६९ बाटल्यांची नोंद सापडते. पुढे १० एप्रिल १६६३ रोजी लंडनमधील एका खानावळीत सॅम्युएल पीप्स याने ते चाखले व रोजनिशीत टिपले. पीप्स काही मद्याचा पंडित नव्हता. नौदलाच्या कचेरीतला हा अधिकारी. मद्याचे नावसुद्धा त्याने कानाला ऐकू आले तसे, म्हणजे चुकीचेच लिहिले. परंतु चव चांगली होती, आणि ती अगदी निराळी, आपल्याला पूर्वी कोठेच न भेटलेली होती, एवढ्या दोन गोष्टी त्याने सांगितल्या. आमच्या मते टीकाकाराचे निम्मे काम तेथेच झाले. त्याला भाव ठाऊक असेल नसेल, पण प्रत तर कोणीच ठरविली नव्हती. त्याची जीभ आणि प्याला यांच्यामध्ये तिसरे कोणी बसले नव्हते.

तिसरे कोणी येऊन बसावयास फार दिवस लागले नाहीत. १६७७ साली तत्त्वज्ञ जॉन लॉक हा मळा पाहण्यास गेला. तेथली पांढरट वाळू व खडे पाहून येथे काही उगवेल असे कोणास वाटणार नाही, अशा अर्थाची नोंद त्याने केली. खरी खुबी त्या खड्यांतच आहे. पावसाचे पाणी त्यांतून चटकन निथळते, मुळ्यांना खोल जावे लागते, आणि दिवसा तापलेले खडे रात्री वेलींना ऊब देतात. लॉकने आणखी एक गोष्ट हेरली. वाटेल त्या किमतीला हेच मद्य मिळवा, असे हुकूम श्रीमंत इंग्रज पाठवू लागल्यामुळे त्याचा भाव चढला होता. म्हणजे पीप्सच्या त्या प्याल्यानंतर अवघ्या चौदा वर्षांत हे मद्य चवीसाठी मागितले जाते की नावासाठी, हे सांगणे कठीण झाले.

या भावाचेच पुढे शास्त्र झाले. १८५५ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी बोर्दोच्या व्यापारी मंडळाने दलालांकडून मद्यांची यादी मागविली. १८ एप्रिल रोजी ती तयार झाली. लाल मद्यांच्या पाच पायऱ्या करण्यात आल्या, व पहिल्या पायरीवर चार नावे आली: लाफीत, मार्गो, लातूर (हे आमचे मराठवाड्यातले नव्हे) आणि ओ-ब्रियों. बाकीची सारी लाल मद्ये मेदोक प्रांतातली. त्याच्या बाहेरचे हे एकटेच. यादीस आधार होता तो मुख्यतः बाजारात वर्षानुवर्षे मिळत आलेल्या भावांचा.

भावाची हेटाळणी करणे सोपे आहे. आम्ही ती करणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या गिऱ्हाईक एका वस्तूस अधिक दाम मोजत असेल तर त्या दामात अनेक जिभांचा कौल साठलेला असतो. दलाल हे काही बाष्कळ लोक नव्हते. आमचा आक्षेप यादी केली यास नाही, ती गोठविली यास आहे. लाल मद्यांच्या वर्गवारीत नंतर ठळक असा बदल एकच झाला: १९७३ साली मुटों रॉथशिल्डला दुसऱ्या पायरीवरून पहिलीवर घेतले. मळ्यांनी जमिनी घेतल्या, विकल्या, मालक बदलले, तरी पायरी नावाला चिकटून राहिली. ओ-ब्रियोंच्या समोर, रस्त्यापलीकडे, ला मिस्यों नावाचा दुसरा मळा आहे. जमीन तशीच खड्यांची, मद्यही जाणत्यांच्या मते खांद्याला खांदा लावणारे. पण १८५५ च्या यादीत त्याचे नाव नाही. १९८३ साली ओ-ब्रियोंच्या मालकांनी तो विकत घेतला, म्हणजे आता घरधनी एकच, तरी एक भाऊ पाटावर आणि दुसरा ओसरीवर. आमच्याकडे कवींच्या पंगतीही बऱ्याच वेळा अशाच मांडल्या गेल्या आहेत, पण ते असो.

२४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये नावे झाकून चाखणी झाली. ज्यांच्या गुणांवर निकाल लागला ते नऊही परीक्षक फ्रेंच होते. लाल मद्यांत कॅलिफोर्नियाचे १९७३ सालचे एक मद्य पहिले आले. १९७० सालचे ओ-ब्रियों चौथे. यावरून ओ-ब्रियोंची किंमत उतरली असे म्हणणारे उतावळे आहेत. असली मद्ये बाटलीत वीस-तीस वर्षे मुरावयाची, आणि परीक्षकांपुढे आले ते जेमतेम सहा वर्षांचे. शिवाय एका दिवसाची चाखणी म्हणजे काही शेवटचा निवाडा नव्हे. पण नाव झाकल्याबरोबर जाणत्यांच्या जिभा निराळे बोलू लागल्या, एवढे त्या दिवशी सिद्ध झाले, आणि ते लहान नाही.

या मळ्याच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पहिली पायरी हाती असताना तो तीवर बसून राहिला नाही. १९६१ साली द्राक्षरस आंबविण्यासाठी गंजरोधी पोलादाचे हौद त्याने बसविले. नामवंत मळ्यांत हे धाडस प्रथम त्याचे. नुसत्या नावावर जगणाऱ्याला जुने लाकडी हौद पुरले असते.

आता मद्याविषयी. ते आम्ही एकदाच, आणि तेही यजमानाच्या खर्चाने, चाखले आहे. मेर्लो आणि काबेर्ने जातींच्या द्राक्षांचे हे मिश्रण; परंतु मम्मटाच्या पानकात गूळ आणि मिरे जसे वेगळे काढता येत नाहीत तसेच येथे आहे. प्रथम वास आला तो वळवाच्या आधी तापलेल्या मातीचा, मग सुक्या तंबाखूच्या पानांचा, आणि मागाहून वखारीतल्या जुन्या लाकडाचा. गोडी जवळजवळ नाही. जिभेवर राहतो तो कषाय रस, हिरडा चघळल्यावर राहतो त्याच्या जातीचा, पण कितीतरी मऊ. आमच्या षड्रसांत तुरटाला मानाचे पान आहे म्हणून हे मद्य समजण्यास आम्हांस फारसे अडले नाही. पहिला घोट आम्हांस रूक्ष वाटला. तासाभराने त्याच प्याल्यातला घोट घेतला तेव्हा ती रूक्षता विरून गेली होती, आणि पीप्सला काय म्हणावयाचे होते ते कळल्यासारखे वाटले.

कळल्यासारखे म्हणतो ते एवढ्यासाठी, की बाटलीवरची चिठ्ठी आम्ही आधी वाचली होती आणि किंमतही यजमानांनी सांगून टाकली होती. तो दुसरा घोट मद्याने उजळला की १८५५ च्या यादीने, हे आम्हांस आजही सांगता येत नाही. पुन्हा योग आला तर बाटलीला फडके गुंडाळून ठेवण्याची विनंती आम्ही आधीच करून ठेवली आहे.