मशकबीनवरील चांदी

मागील लगीनसराईत शिंदे की छावनीतून गेलेल्या एका वरातीत मशकबीन, म्हणजेच बॅगपाइप, वाजत होती. सूर बेताचाच होता, पण नळ्यांवरची लखलखती कडी पाहून शेजारी उभे असलेले स्नेही उद्गारले, “केवढी चांदी!” चांदी नव्हती, निकेलचा मुलामा होता. प्रश्न मात्र मनात राहिला : वाद्याला दागिने कशासाठी?

हे वाद्य ग्वाल्हेरला अगदीच परके नाही. जून १८५८ मध्ये मुरार घेणाऱ्या ह्यू रोझच्या फौजेत ७१ वी हायलँडर्स पलटण होती आणि किल्ला १८८६ पर्यंत इंग्रजांकडे राहिला. तेव्हा आपल्या पणजोबांनी हा सूर ऐकला असणे अशक्य नाही.

उत्तर वाद्याच्या घडणीत सापडते. एकच स्वर अखंड धरणाऱ्या तीन नळ्या वादकाच्या खांद्यावर असतात. त्या कठीण, काळ्या आफ्रिकी लाकडाच्या, तुकड्यातुकड्यांनी कातलेल्या. एक तुकडा दुसऱ्यात सरकवून स्वर जुळवायचा. जिथे लाकूड कोरून पातळ झालेले असते, तिथेच ते फुंकीच्या दमटपणाने तडकते, आणि नेमके तिथेच धातूचे कडे बसते. म्हणजे मुळात तो अलंकार नव्हे, आधार. नक्षी त्यावर नंतर आली : स्कॉटलंडचे काटेरी थिसलचे फूल, किंवा जिचा आरंभ-शेवट सापडत नाही अशी केल्टिक गुंफण. हाताने कोरलेल्या रेषेची खोली जागोजाग बदलते आणि प्रकाश तिच्यावर हलतो. साच्यातून ओतलेल्या नक्षीच्या कडा सगळीकडे सारख्याच बोथट.

क्षेमेंद्राने औचित्याचा विचार मांडताना गळ्यात मेखला आणि पायात केयूर घालणाऱ्याचे हसे होते असे म्हटले आहे. मशकबीन या कसोटीला उतरते. हायलँडचा पोशाख, माझ्या मते, पुरता उतरत नाही. १७४६ च्या कायद्याने त्यावर बंदी आली, ती १७८२ मध्ये उठली. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरास आला, तेव्हाच्या स्वागताची आखणी कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी केली, आणि डोंगरी माणसाचा वेष दरबारी झाला. पुढे कट्यारीच्या मुठीवर पिवळसर स्फटिक जडले, कमरेच्या कातडी बटव्याला चांदीची भारी चौकट आली, खांद्यावर बशीएवढे पदक आले. कारागिरी उत्तम, यात शंका नाही. पण त्या मुठीवर हाताची पकड कशी बसावी?

अर्थात दुसऱ्याच्या अंगावरील दागिने तपासणे सोपे. आमच्या नात्यात शिंदेशाही तोड्यांची एक जोडी होती, पिळाची, हातात घेताच वजन जाणवावे अशी. गेल्या वर्षी ती मोडीत घातली गेली. मला कळले तेव्हा फार उशीर झाला होता. बदल्यात आलेल्या बांगड्या हलक्या आहेत, सुबक आहेत, रोज वापरताही येतात. त्यांवरची वेल साच्यातली आहे. तिच्यावरून बोट फिरवले तर ते कुठेच अडत नाही.