नव्वदाव्या मिनिटाला सोडलेला गोल

१३ मार्च २०२१. मडगावच्या फातोर्डा मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना १-१ असा अडकलेला. नव्वदावं मिनिट. मुंबई सिटीचा अहमद जाहू मागून एक लांब चेंडू पुढे टाकतो. एटीके मोहन बागानचा गोलरक्षक अरिंदम भट्टाचार्य जागा सोडून बाहेर येतो, पण त्याला तो चेंडू धड साफ करता येत नाही, आणि चेंडू सापडतो बार्थोलोम्यू ओग्बेचेला. छत्तीस वर्षांचा नायजेरियन स्ट्रायकर. गोलरक्षक बाहेर, बचावपटू उलट्या दिशेने गोलकडे पळताहेत, आणि ज्याची रोजीरोटीच गोल मारण्यावर चालते तो माणूस अंतिम सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला चेंडू घेऊन उभा आहे. तो मारत नाही. चेंडू बिपिन सिंगकडे सरकवतो. बिपिन आधी चेंडू आवरतो, मग स्वतःला आवरतो आणि तो जाळ्यात घालतो. मुंबई सिटीची ती पहिली आयएसएल ट्रॉफी.

स्कोअरकार्डात गोल बिपिनचा आहे आणि ते रास्तच आहे. त्या गर्दीत डोकं शांत ठेवणं सोपं नव्हतं. पण ही चित्रफीत पाहताना माझं बोट दरवेळी त्याच्या आधीच्या क्षणावर थांबतं. ओग्बेचेने स्वतः फटका मारला असता तर कुणी बोल लावला नसता. चेंडू अडला असता तरी ‘बिचाऱ्याने प्रयत्न केला’ म्हणून लोकांनी सोडून दिलं असतं. स्ट्रायकरला स्वार्थ माफ असतो, त्याचे पुढच्या वर्षीचे पैसेही गोल मोजूनच ठरतात. अशा वेळी आपल्यापेक्षा चांगल्या जागी कोण आहे हे दिसणं आणि दिसल्यावर पायाने ते मान्य करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिसतं पुष्कळांना.

हे मी मुंबईत रे रोडला बसून पाहिलं, कारण दुसरा इलाजच नव्हता. करोनामुळे तो अख्खा हंगाम गोव्यातल्या तीन मैदानांवर, रिकाम्या स्टँडसमोर खेळवला गेला. एरवी फुटबॉलची ओढ असलेल्या माणसाचे हार्बर लाइनने फार लाड केले आहेत. मुंबई सिटीचे पहिले दोन हंगाम नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर झाले, तेव्हा आम्ही पनवेल लोकल पकडायचो. २०१६ पासून संघ अंधेरीला गेला, तर अंधेरीची गाडीही रे रोडच्याच प्लॅटफॉर्मवर. निकोला अनेल्का, डिएगो फोर्लान असे विश्वचषक खेळलेले लोक आम्ही गाडी न बदलता पाहून आलो. आणि ज्या वर्षी संघ लीगमध्ये पहिला आला, वर ट्रॉफीही जिंकला, त्या वर्षी मुंबईच्या जर्सीतला ओग्बेचे मुंबईकराला मैदानात एकदाही दिसला नाही. सगळा व्यवहार मोबाइलवर. पण त्याचा एक फायदा झाला. मैदानात डोळे चेंडूमागे पळतात. मोबाइलवर सामना मागे नेता येतो, आणि चेंडू दुसरीकडे असताना स्ट्रायकर काय करतो ते बघता येतं. ओग्बेचेचा खेळ निम्म्याहून जास्त तिथेच आहे.

आपल्याकडे नायजेरियन स्ट्रायकरची एक ठरलेली प्रतिमा आहे आणि ती जुनी आहे. ऐंशीच्या दशकात चिमा ओकोरी कलकत्त्याला आला आणि मोहमेडन स्पोर्टिंग, ईस्ट बंगाल, मोहन बागान या तिन्ही संघांकडून खेळला. त्याच्या फटक्याच्या जोराच्या गोष्टी रोव्हर्स कपच्या निमित्ताने मुंबईत कूपरेजच्या कट्ट्यावरही पोचल्या होत्या. पुढे गोव्यात चर्चिल ब्रदर्सकडे ओडाफा ओकोली आणि धेंपोकडे रँटी मार्टिन्स आले. आय-लीग २००७-०८ मध्ये सुरू झाली, आणि तिच्या पहिल्या पाचही हंगामांत सर्वाधिक गोल या दोघांपैकीच कुणीतरी मारले. २०११-१२ मध्ये धेंपोकडून रँटीने ३२ गोल केले. पण या सगळ्यांबद्दल आपण काय लिहिलं? ताकद, धडक, धिप्पाड देह. समालोचकही ‘फिजिकल’ म्हणून मोकळे. रँटीला चेंडू गोलक्षेत्रात कुठे पडणार याचा जो वास यायचा, त्याबद्दल दोन वाक्यं सलग वाचल्याचं मला आठवत नाही. युरोपातला गोरा स्ट्रायकर तेच करतो तेव्हा त्याला ‘चलाख’ म्हणतात. हे दुर्लक्ष भोळेपणातून होतं असं मला वाटत नाही. माणसाचा रंग बघून आपण त्याच्या अंगाचा कुठला भाग खेळतोय हे आधीच ठरवून टाकतो.

ओग्बेचेही अंगाने भरलेला. पण भारतात आला तेव्हा तो ३३ वर्षांचा होता आणि धडक मारण्याचे दिवस मागे पडले होते. त्याआधीची कारकीर्द बघा. जन्म १९८४ चा, ओगोजा इथला. सतराव्या वर्षी तो पॅरिस सँ-जर्मेंच्या पहिल्या संघात होता. तिथे त्याचाच देशबंधू जे-जे ओकोचा होता, रोनाल्डिन्यो होता. २ जून २००२ रोजी जपानमध्ये विश्वचषकात नायजेरियाचा अर्जेंटिनाशी सामना झाला, तेव्हा हा सतरा वर्षांचा मुलगा पहिल्या अकरांत. समोर बाटिस्टुटा. सामना ०-१ असा गेला. इतक्या लवकर इतकं मिळालेल्या मुलाचं पुढे काय व्हायला हवं होतं हे जग ठरवून बसलेलं असतं. तसं झालं नाही. पॅरिसहून उसना म्हणून बास्तिया आणि मेत्झ, मग अल जझीरा, अलावेस, व्हॅलाडोलिड, कादिझ, ग्रीसमध्ये कवाला, इंग्लंडमध्ये मिडल्सब्रो, हॉलंडमध्ये कांबुर आणि विलेम टू, मध्येच पुन्हा स्पेनला हेरेझ. कुठे एक हंगाम, कुठे दोन. पोस्टमनच्या पिशवीइतके पत्ते. या यादीकडे बघून कुणी उतरती कमान म्हणेल. मला तसं म्हणवत नाही. प्रत्येक ठिकाणी नवी भाषा, नवा प्रशिक्षक, चेंडू पुरवणारे नवे पाय. आणि दरवेळी तेच एक काम, दोन सेंटर-बॅकच्या मध्ये उभं राहून वाट बघण्याचं. वीस वर्षं हे केलेल्या माणसाला वाट कशी बघायची ते कळत असणारच.

तो वाट बघतो म्हणजे नेमकं काय करतो? चेंडू पंखावर असतो तेव्हा ओग्बेचे बहुधा चालत असतो. बचावपटूच्या पाठीमागच्या बाजूला, म्हणजे चेंडू आणि ओग्बेचे हे दोघं त्याला एका नजरेत दिसू नयेत अशा जागी. मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळते. चेंडू त्याच्याकडे यायला निघाला की तो गोलकडे पाठ करतो, गुडघे किंचित वाकवतो आणि एक हात मागे सोडतो. तो हात बचावपटूला ढकलत नाही. नुसता टेकलेला असतो.

तो हात मला ओळखीचा वाटला. आमच्याकडे रे रोडजवळ दारूखान्यात, जिथे जुनी जहाजं तोडतात, जहाजाची कापलेली प्लेट हायड्रा क्रेनला टांगून हलवतात, तेव्हा नवा पोरगा तिला दोन्ही हातांनी रेटायला जातो. जुना खलाशी एक तळवा लावून चालतो, कारण त्याला प्लेट हलवायची नसते, ती कुठे वळतेय ते कळून घ्यायचं असतं. ओग्बेचेच्या हाताला मागच्या माणसाचं वजन कळतं. तो डावीकडे झुकला की हा उजवीकडे वळतो, आणि वळेपर्यंत पहिल्याच स्पर्शात चेंडू फटक्याच्या अंतरावर गेलेला असतो. त्यानंतरचा फटका बहुतेकदा साधा. खालून, कोपऱ्यात. जाळं फाडण्याची हौस त्याला कधी दिसली नाही.

मुंबईत प्रशिक्षक सर्जिओ लोबेरांच्या संघात ही कला पुरती वापरली गेली असं मात्र म्हणता येणार नाही. लोबेरांचा खेळ लहान लहान पासांचा. जाहू आणि ह्युगो बुमूस चेंडू फिरवत राहणार. पुढे स्ट्रायकरची जागा एकच, आणि तिच्यावर दोन दावेदार: ओग्बेचे आणि इंग्लंडचा अ‍ॅडम ले फॉन्ड्रे. ले फॉन्ड्रेने ११ गोल केले, ओग्बेचेने ८. कधी हा सुरुवातीला, तो बाकावर, कधी उलट. पॅरिसमध्ये सुरुवात केलेल्या माणसाने छत्तिसाव्या वर्षी बाकावर बसून पाळीची वाट बघायची, हे अनेकांना झोंबलं असतं. त्याचे आठ गोल कुणाविरुद्ध आणि कधी आले ते पाहिलं की आकडा लहान वाटत नाही. ११ जानेवारीला मोहन बागानशी सामना: एकच गोल, एकोणसत्तराव्या मिनिटाला, ओग्बेचेचा. २४ फेब्रुवारीला ओडिशाविरुद्ध ६-१, त्यात त्याचे दोन. पण त्या दिवशी हॅटट्रिक बिपिनची, म्हणून हे दोन कुणाच्या लक्षात राहिले नाहीत.

मग २८ फेब्रुवारी. साखळीतला शेवटचा सामना, समोर पुन्हा मोहन बागान. त्यांना पहिल्या क्रमांकासाठी बरोबरीही पुरणार होती, मुंबईला जिंकणंच भाग होतं. सातव्या मिनिटाला मुर्तदा फॉलचा गोल झाला. एकोणचाळिसाव्या मिनिटाला हर्नान सांतानाने फ्री किक मारली, ती आडव्या दांड्यावर आपटून परत आली, आणि ओग्बेचेने तिला डोक्याने आत धाडलं. नशीब म्हणून हा गोल सोडून देणारे मी पाहिले आहेत. फ्री किक मारली जाताना भिंतीतले, भिंतीबाहेरचे, सगळे चेंडूकडे बघत असतात. चेंडू हुकला किंवा उसळला तर काय, हा विचार करून आधीच निघालेला माणूस एखादाच असतो. ओग्बेचे तिथे पोचला नव्हता, तो तिथे होता. मुंबई २-०. दोन्ही संघांचे गुण ४०, पण पहिला क्रमांक मुंबईचा आणि त्याबरोबर एएफसी चॅम्पियन्स लीगचं तिकीटही.

म्हणजे अंतिम सामन्याआधी याच मोहन बागानला त्याने दोनदा गोल करून हरवलं होतं. फातोर्ड्यावर चेंडू त्याच्या पायात आला तेव्हा बागानच्या बचावपटूंच्या मनात काय असेल याचा अंदाज करायला फुटबॉल फारसा कळावा लागत नाही. सगळे त्याच्या फटक्यासाठी तयार. पास मात्र कुणीच धरून चालला नव्हता. त्या पासात आधीचे दोन गोल वापरले गेले आहेत असं मी मानतो. ते झाले नसते तर बिपिनभोवती एवढी मोकळी जागा राहिली असती का, याची मला शंका आहे.

(त्या सामन्याचा विषय निघाला की मुंबईचा पोरगा अमेय रानवडे याचं नाव हमखास राहून जातं. पूर्वार्धात डोक्याला जबर मार लागून त्याला अ‍ॅम्ब्युलन्समधून न्यावं लागलं होतं. शेवटचा गोल त्याने मैदानातून पाहिला नाही.)

पुढच्या वर्षी ओग्बेचे हैदराबाद एफसीकडे गेला. तिथे प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी जागा त्याला देऊन टाकली आणि त्याने १८ गोल केले. सदतिसाव्या वर्षी गोल्डन बूट; एका हंगामातल्या १८ गोलांच्या फेरान कोरोमिनासच्या विक्रमाशी बरोबरी; लीगच्या एकूण गोलांतही कोरोच्या पुढे. हैदराबादने ट्रॉफी जिंकली. भारतात पाच हंगामांत चार संघांकडून त्याचे गोल झाले ६३: नॉर्थईस्टसाठी १२, केरळसाठी १५, मुंबईसाठी ८, हैदराबादसाठी १८ आणि १०. हा आकडा ओलांडायला सुनील छेत्रीला २०२४ उजाडलं. अठरा गोलांचा तो हंगाम मी मन लावून पाहिला, पण खरं सांगायचं तर त्यात मला थोडं कमी मिळालं. सगळा संघ त्याच्यासाठी चेंडू आणत होता, तेव्हा त्याला शोधायला फारसं उरलं नव्हतं. मुंबईत अर्धी जागा आणि अर्धा वेळ मिळालेला ओग्बेचे जास्त बघण्यासारखा होता. हे मत मुंबईकराचं आहे, तेव्हा ते तेवढ्याच किमतीला घ्यावं.

आमच्या क्लबने त्याच्या जागी इगोर अंगुलोला आणलं. माणूस वाईट नव्हता, आदल्या हंगामाचा गोल्डन बूट त्याच्याकडे होता. पण २७ नोव्हेंबर २०२१ ला हैदराबादने मुंबईला ३-१ हरवलं, त्यात एक गोल ओग्बेचेचा. आणि ५ मार्च २०२२ ला साखळीतल्या शेवटच्या सामन्यात त्याच हैदराबादकडून १-२ हरून गतविजेती मुंबई पाचवी आली आणि उपांत्य फेरीही हुकली.