‘प्रचीत’ आणि मूल्यमापकाची निःस्पृहता

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आज जालना जिल्ह्यात ‘जांब समर्थ’ या नावाने ओळखले जाते. इ. स. १६०८ मध्ये समर्थांचा जन्म ज्या घरी झाला, त्या ठोसर घराण्याकडे गावचे कुलकर्णीपण होते. जमिनीचा व वसुलीचा हिशेब लिहिणे हे त्या वतनाचे काम. ‘दासबोधा’तील परीक्षाविषयक शब्दसंपत्तीचा विचार करताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवावी, तिच्यावरून कार्यकारणसंबंध जोडणे मात्र घाईचे होईल.

दहाव्या दशकाच्या आठव्या समासात ‘प्रचीती’चे विवरण आहे. रत्ने, नाणी, घोडा, शस्त्र, बियाणे ही पारखूनच घ्यावीत, असे दाखले तेथे येतात. विषय अध्यात्माचा, दाखले बाजारातले. ‘परीक्षा’ या संस्कृत शब्दापासून प्राकृतमार्गे आलेला ‘पारख’ हा क्रियेचा शब्द होय. अरबी मूळाचा ‘किंमत’ हा त्या क्रियेच्या फळाचा. क्रिया टाळून फळ सांगणे, हाच या समासाच्या दृष्टीने मुख्य दोष ठरतो.

स्थावर मालमत्तेच्या आजच्या मूल्यांकनाला हा विचार लावला असता त्याचे सामर्थ्य दिसते, तशी मर्यादाही दिसते. समासातील पारखी स्वतःच ग्राहक आहे. परीक्षा चुकली तर हानी त्याची. मूल्यमापक हा तिऱ्हाईत. कर्ज मागणाऱ्यास आकडा चढा हवा असतो, कर भरणाऱ्यास उतरता. आकडा चुकल्यास भुर्दंड तिसऱ्यालाच पडतो. ग्राहकाला स्वार्थ सावध ठेवतो. तिऱ्हाइताला सावध ठेवण्यासाठी बंधन लागते. कंपनी कायद्याखालील नोंदणीकृत मूल्यमापकांसाठी २०१७ साली झालेल्या नियमांतील आचारसंहिता म्हणूनच अशिलाच्या सोयीचे मूल्यांकन करण्यास मनाई करते आणि काम फत्ते झाल्यावर मिळणारे यशशुल्क निषिद्ध मानते.

तथापि नियमाने लोभाला आळा बसेल. पारख त्यातून निर्माण होणार नाही. जागा न पाहता, शेजारचे व्यवहार न तपासता दिलेला आकडा निर्लोभ असूनही अप्रचीतच राहतो. उलट, उत्तम पारख असलेला मनुष्य मिंधा असेल, तर त्याचे ज्ञानच अधिक घातक. निःस्पृहता व प्रचीत या दोहोंची सांगड हवी. तिची कसोटी एकच: मूल्यमापकाने काय पाहिले, कशाशी ताडले व कोणते गृहीत धरले, हे अहवालात असे लिहिलेले असावे की दुसऱ्या पारख्याला त्याची पुन्हा परीक्षा करता येईल. समासातील ‘प्रचीत’ वैयक्तिक आहे. व्यवसायात ती सार्वजनिक व्हावयास हवी.